दारापुढचा पेंढा

माझ्या भावाला पितळी पलंगांनी पैसा दिला, पण बड्या लोकांत नेऊन बसवलं ते पेंढ्यानं. ओबेदाया हे मेला तरी कबूल करायचा नाही. त्याला वाटायचं, लोक त्याच्या मिशांकडे आणि त्याच्या बोलण्याकडे पाहून येतात. बोलणं तर असं होतं की समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवत सरकवत दारापर्यंत पोचायचा.

आमचा बाप बर्मिंगहॅमच्या एका बोळात पलंगाच्या दांड्या ओतायचा आणि रविवारी मेथडिस्टांच्या, म्हणजे कष्टकऱ्यांच्या पंथाच्या, प्रार्थनाघरात घसा फोडून गायचा. ओबेदायानं त्या दांड्यांचा कारखाना केला, एजबॅस्टनला बागेचं घर घेतलं आणि घराबरोबर देवही बदलला. आता तो मोठ्या चर्चमध्ये जायचा, कारण तिथे पहिल्या बाकावर लेडी ऑलब्रायटन बसायच्या. त्याची बायको ऑगस्टा ही मेणबत्तीवाल्याची मुलगी, पण नव्या घरात आल्यापासून ती अशा थाटात वावरायची की जणू मेणबत्ती ही वस्तू तिनं जन्मात पाहिली नव्हती. दोघंही नुसती नाकानं कांदे सोलत. मी डोर्कस, ओबेदायाची थोरली बहीण, बिनलग्नाची. अशी बहीण म्हणजे घरातलं एक कपाट, लागेल तेव्हा उघडायचं, एरवी समोरून निघून जायचं. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण त्या दोघांच्या तोंडून ऐकण्यासारखं काही निघतच नसे.

मुलं सहा. रोज चहा झाला की दाई त्यांची तोंडं धुवून, केस विंचरून त्यांना खाली दिवाणखान्यात आणायची. ती ओळीनं उभी राहायची. ओबेदाया खुर्चीत बसून एकेकाला बायबलमधलं काहीबाही विचारायचा, मान हलवायचा आणि घड्याळ काढून पाहायचा. घड्याळ दिसलं की मुलं वर. बाप म्हणून त्याचा दिवस तिथे संपला. ऑगस्टा मुलांना जवळ घ्यायची नाही, कारण रेशीम चुरगळतं. थोरलीचं थोडं कौतुक होतं, कारण ती पियानो वाजवायची, आणि धाकट्या मुलाचं होतं, कारण तो मुलगा होता. मधल्या सगळ्या म्हणजे ओळ लांब करायला उभ्या केलेल्या पोरी. फीबी त्यातलीच, नऊ वर्षांची, शेवटून दुसरी. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, आणि तिच्याकडे कधी पाहिलंही नाही.

त्या शरद ऋतूत फीबीच्या फुफ्फुसाला सूज आली. दुखणं खरंखुरं होतं, मी नाही म्हणत नाही. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या दिसायच्या. वर माळ्याला लागून असलेल्या मुलांच्या खोलीत मी तिच्याजवळ बसून असायची. ऑगस्टा नाकाला रुमाल लावून उंबऱ्यापर्यंत यायची, सुस्कारा टाकायची आणि जायची. मग एक दिवस तिला पेंढा सुचला.

आमच्याकडे रीतच आहे तशी. घरात कुणी जिवावरच्या दुखण्यानं पडलं की दारापुढच्या रस्त्यावर जाड पेंढा पसरतात, म्हणजे बग्ग्यांच्या चाकांचा आणि टापांचा आवाज रोग्यापर्यंत येत नाही. दारावरच्या कडीला पांढरा हातमोजा बांधतात, ती वाजू नये म्हणून. हे ज्याची ऐपत असेल त्यानं करायचं. गरिबांची पोरं खडखडाटातच मरतात. समोरच्या मिसेस पेनिफोल्डनी आदल्या वर्षी नवऱ्यासाठी टपालपेटीपर्यंत पेंढा घातला होता आणि तेव्हापासून ऑगस्टाच्या पोटात दुखत होतं. तिनं गाडीवाल्याला बोलावून पार कोपऱ्यापर्यंत घालायला लावला, शेजारच्या दोन घरांपुढेसुद्धा, जिथे कुणाला साधं पडसंही नव्हतं. मिस्टर पेनिफोल्ड त्या दुखण्यात गेलेच होते. ऑगस्टाच्या बोलण्यात असा सूर असायचा की त्यांना पेंढा कमी पडला.

दुसऱ्याच दिवशी लेडी ऑलब्रायटनची गाडी त्या पेंढ्यावर वळली. घोडे बिचकले, गाडी थांबली, बाईंनी काच खाली करून विचारलं, कोण आजारी आहे. एवढी वर्षं ओबेदाया चर्चच्या दारात त्यांच्यासाठी टोपी काढत होता आणि त्या त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होत्या. आता त्यांचा नोकर आमच्या पायऱ्या चढून त्यांच्या नावाचं कार्ड देऊन गेला. लेडी ऑलब्रायटनना आजारी मुलांचा नाद होता, काहींना पोपटांचा असतो तसा. त्या आठवड्यात त्या स्वतः द्राक्षं घेऊन आल्या. त्यांचं कार्ड ऑगस्टानं दिवाणखान्याच्या दारातल्या चांदीच्या तबकात ठेवलं, आणि नंतर कितीही कार्डं आली तरी ते सगळ्यांत वर राहील याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायची.

लेडी ऑलब्रायटन माळ्यावर कशा चढणार? म्हणून फीबीला खाली पुढच्या बाजूच्या मोठ्या शयनगृहात आणलं. कारखान्यातून नमुन्याचा पलंग आला, चारी खांबांवर पितळी देवदूत असलेला. पोरीला लेसचा झगा घातला, केस उशीवर पसरले. मग पाहुण्यांची रीघ लागली. जो तो पायांच्या बोटांवर चालत यायचा, मान एका बाजूला करून फीबीकडे पाहायचा, डोळे टिपायचा, आणि जाताना पलंगाच्या खांबावरून हात फिरवून ओबेदायाला हलक्या आवाजात काहीतरी विचारायचा. दोघातिघांनी तसे पलंग मागवलेसुद्धा.

इकडे पोरीचा ताप उतरला आणि तिच्या आईला चढला. खोकला गेला, गालांवर रंग आला, आणि घरातले सगळे हिरमुसले. गाडीवाला पेंढा उचलायला आला तर ऑगस्टानं त्याला हाकलून दिलं आणि वर नवा पेंढा मागवला, कारण जुना पावसानं कुजून त्याला तबेल्यासारखा वास सुटला होता. आमचे डॉक्टर स्केल्डिंग मऊ हातांचे आणि त्याहून मऊ बुद्धीचे गृहस्थ. पहिल्या दिवशी ते म्हणाले, धोका टळला. ऑगस्टाचा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, पण अशक्तपणा फार आहे. आठवड्याभरानं प्रकृती नाजूक झाली, आणि मग एकदा त्यांनी फीबीच्या पाठीवरून बोट फिरवून सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यातून पाठीच्या कण्याचं दुखणं जन्माला आलं.

खायला तिला आरारुटाची पेज आणि मांस उकळून गाळलेलं पाणी. खिडकी बंद, पडदे ओढलेले, शेगडी धगधगलेली. लोक वासराच्या पायांची जेली आणायचे, ती तबकावर तिच्या उशाशी मांडून ठेवायची आणि पाहुणे गेले की बाकीची मुलं फस्त करायची. मी शालीखालून तिला पाव आणि डुकराच्या मांसाचा वडीसारखा कापलेला तुकडा नेऊन द्यायची. ती उशीत तोंड खुपसून खायची, आवाज होऊ नये म्हणून. एकदा मी दार उघडलं तर फीबीबाई पलंगावर उभ्या राहून देवदूतांच्या डोक्यांवर एकामागून एक हात टेकत गोल गोल उड्या मारत होत्या. मला पाहून ती हसली. मीही हसले, आणि मला वाटलं, हिला या मूर्खांच्या हातून सोडवायला फार कष्ट पडायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत नवी घडत होती. ओबेदाया रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसायचा. पाहुण्यांनी ते पाहिलं होतं, वाखाणलं होतं, म्हणून तो पाहुणे नसले तरी यायचा. सवय लागली असेल. तो तिचा हात हातात घ्यायचा आणि स्तोत्रांच्या पुस्तकातून वाचायचा. वाचायचा भिकार, पण पोरगी पापणी न हलवता त्याच्याकडे पाहत राहायची. एक दिवस ती मला म्हणाली, “आत्या, पपांच्या बोटांवर केस आहेत. तुला माहीत होतं?” मी म्हटलं, सगळ्याच पुरुषांच्या असतात. ती म्हणाली, “मला माहीत नव्हतं.” मी त्यावर विचार करायला हवा होता की काय, कोण जाणे. मला त्या वेळी फक्त ओबेदायाचा राग आला.

मग लेडी ऑलब्रायटननी लंडनहून सर थिओबाल्ड नावाच्या डॉक्टरला बोलावलं. पाठीचे कणे हा त्यांचा प्रांत. ते गुरुवारी येणार होते, पण उपचार आधीच ठरलेला होता, कारण त्यांचा सगळ्यांना एकच उपचार होता. रोग्याला उतरत्या लाकडी फळीवर उताणं निजवायचं, पट्ट्यांनी बांधायचं, वर्षभर. जेवण तसंच, धडे तसेच, सगळं तसंच. फळी येऊनसुद्धा पडली होती, व्हरांड्यात, गोणपाटात गुंडाळलेली. ऑगस्टा पट्ट्यांना निळी फीत लावावी की गुलाबी याच्या काळजीत होती. माझ्या शाळेतली एक मुलगी अशीच तेराव्या वर्षी फळीवर गेली होती. आता ती चाळिशीला आली आहे आणि अजून सोफ्यावर आहे. तिचे पाय पाहिले तर काठ्या बऱ्या. सुदृढ पोराला बांधून ठेवलं की ते सुदृढ राहत नाही, एवढं कळायला लंडनला जावं लागत नाही.

मी ओबेदायाला न्याहारीच्या टेबलावर गाठलं.

“पोरगी ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “परवा माझ्या डोळ्यांदेखत पलंगावर उड्या मारत होती.”

“आपले पलंग मजबूत असतात,” तो अंडं फोडत म्हणाला.

“मी पोरीबद्दल बोलते आहे.”

“डोर्कस, तू मुलं वाढवलेली नाहीस.”

“तू तरी कुठे वाढवलीस?”

त्यानं चमचा खाली ठेवला. तो रागावला नव्हता, मला समजावण्याच्या बेतात होता, आणि ते रागावण्याहून वाईट. “सर थिओबाल्ड आपल्यासाठी लंडनहून येतायत. लेडी ऑलब्रायटननी बोलावलंय त्यांना. आपल्यासाठी, कळलं का? आणि मी काय सांगू त्यांना दारात, की आमची पोर उड्या मारते, तुम्ही परत जा?”

“हो. हेच सांग.”

“लोकांना तोंड दाखवायला जागा राहील का मला? सगळं चर्च तिच्यासाठी प्रार्थना करतंय.”

ऑगस्टा म्हणाली, “तुम्हाला समजायचं नाही, डोर्कस. आईचं काळीज असतं ते.” आणि तिनं पावाला मुरंबा लावायला घेतला.

त्या काळजाशी बोलण्यात अर्थ नव्हता. ज्यांना फक्त लोक काय म्हणतील हे कळतं, त्यांना लोकांकडूनच हाणावं लागतं. रविवारी सगळं घर चर्चला जायचं आणि रोग्याजवळ मी थांबायची. चर्च सुटलं की आख्खी वस्ती आमच्याच रस्त्यानं परतते. मी ठरवलं, त्या वेळी फीबी फाटकात उभी असेल, कपडे घालून, बूट घालून, स्वतःच्या पायांवर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती गुडघे वाकवून नमस्कार करील. एकदा साऱ्या एजबॅस्टननं तिला उभी पाहिली की सर थिओबाल्डनी काय, राणीनं सांगितलं तरी तिला फळीला बांधायची सोय राहणार नाही.

फीबीला सांगितलं तर तिनं टाळ्या वाजवल्या. रविवारी घर रिकामं होताच मी तिला उठवली. तिचा स्वतःचा कोट आखूड झाला होता, पडून पडून पोर उंच झाली होती. म्हणून थोरल्या बहिणीचा जुना तपकिरी कोट घातला आणि तिचीच रुंद काठाची टोपी. स्वयंपाकघरात तिनं मटणाचा तुकडा हाडापासून दातांनी सोलून खाल्ला, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. मग मागच्या बागेत आम्ही उड्या मारायची दोरी काढली. पहिल्यांदा तिचे पाय लटपटले, मग जमलं, मग ती थांबेचना. बागेतला चिखल बुटांना लागला, टोपी मागे सरकली, गाल लाल झाले. मला वाटलं, बस, आता हिच्याकडे पाहून कुणी आजाराचं नाव काढून दाखवावं.

चर्चची घंटा झाली तशी मी तिला फाटकात नेऊन उभी केली आणि स्वतः दाराच्या आत मागे थांबले. तिनं एकटीनं उभं राहिलेलं लोकांना दिसायला हवं होतं. माझा हात धरलेला दिसला असता तर म्हणाले असते, धरून उभी केली. रस्त्यावर पेंढा असल्यामुळे पावलं वाजत नव्हती. माणसं नुसती दिसायची, एकदम जवळ आलेली.

पहिल्या आल्या मिसेस पेनिफोल्ड, काळ्या कपड्यांत, हातात प्रार्थनेचं पुस्तक. फीबीनं गुडघे वाकवून नमस्कार केला. बाई थांबल्या. मी मनात म्हटलं, लागलं आता.

“कशी आहे गं तुझी बहीण आज?” मिसेस पेनिफोल्डनी विचारलं.

फीबी त्यांच्याकडे पाहत राहिली. “कोणती?”

“कोणती म्हणजे? फीबी. आत्ताच सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. किती सोसते गं लेकरू, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. देवमाणूस आहे.” त्यांनी पिशवीतून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली. “ही तिला दे. तू नको खाऊस, तुला काय धाड भरली आहे.”

या बाई आठवड्यातून दोनदा पलंगाजवळ बसून फीबीचे केस कुरवाळत होत्या. पण त्यांना ठाऊक होता तो लेसचा झगा आणि उशीवर पसरलेले केस. तपकिरी कोटातली, लाल गालांची, बुटांना चिखल लागलेली पोर म्हणजे आम्हा ब्रॅडनॉकांच्या घरच्या ओळीतली कुणीतरी. मी दारातून पुढे व्हायला पाऊल उचललं, तेवढ्यात फीबीनं पुडी घेतली.

“देते,” ती म्हणाली. “आज तिला बरं नाही.”

मिसेस पेनिफोल्ड हळहळत निघून गेल्या. आणखी काही जण गेले. कुणी टोपीला हात लावला, कुणी नुसतंच वर शयनगृहाच्या खिडकीकडे पाहून मान हलवली. फाटकातल्या पोरीकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. फीबी आता नमस्कार करत नव्हती. ती फाटकाला धरून सरळ उभी होती आणि रस्त्याकडे पाहत होती, आणि ती कुणाची वाट पाहते आहे हे मला कळलं.

ओबेदाया आला. ऑगस्टा बाकीच्या मुलांना घेऊन लेडी ऑलब्रायटनभोवती चर्चच्या अंगणात घुटमळत असणार, तो एका गिऱ्हाइकाशी बोलत पुढे आला होता. पितळ महागलं आहे, असं काहीतरी चाललं होतं. गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळलं. ओबेदाया फाटकाशी आला. फीबीनं मान वर केली, टोपीचा काठ मागे गेला, तिचं सगळं तोंड त्याच्यासमोर होतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

“पोरींनी फाटकात लोंबकळू नये,” तो म्हणाला. “आत जा.”

आणि तो तिला वळसा घालून आला. पायऱ्यांवर त्याला मी दिसले. मला म्हणाला, दारातलं पायपुसणं ओलं आहे, बदलायला सांग. मग टोपी काढून, मिशा सारख्या करून तो हात धुवायला गेला. रविवारी चर्चहून आला की हात धुवून तो वर जायचा, रोग्याजवळ बसायला.

फीबी माझ्या शेजारून आत आली. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिनं तो बाजूला केला. पळाली मात्र नाही, अगदी शहाण्यासारखी मागच्या जिन्यानं वर गेली. मी दोन पायऱ्या एकदम चढत तिच्या मागे गेले, पण माझे गुडघे काही नऊ वर्षांचे नाहीत. मी खोलीत पोचले तेव्हा कोट आणि टोपी पलंगाखाली ढकललेली होती आणि ती गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती. केससुद्धा उशीवर पसरून घेतले होते. तसे ते तिची आई पसरायची.

“ऊठ,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता ऊठ आणि खाली चल. मी सांगते त्याला.”

दारात ओबेदाया उभा होता, हातात स्तोत्रांचं पुस्तक. तो पलंगाशी खुर्ची ओढून बसला, त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. हा आवाज त्याच्याकडे होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

“कशी आहे माझी फीबी?”

“थकवा आहे, पपा,” ती म्हणाली. शब्द जेमतेम ओठांबाहेर आले.

“ओबेदाया,” मी म्हटलं, “ही आत्ता फाटकात उभी होती. तू हिलाच म्हणालास, आत जा.”

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच तापात होते. “ती क्लॅरा होती. नाहीतर हिची दुसरी कुणी बहीण. मला माझी मुलगी ओळखू येत नाही का?”

“विचार तिला.”

“मी कुठेच गेले नव्हते, पपा,” फीबी म्हणाली. “मला उठवतसुद्धा नाही.”

मग मी तेच केलं जे करायला हवं होतं. पांघरुणाचं टोक धरलं आणि खेचून काढलं. पांढऱ्याशुभ्र चादरीवर तिचे दोन्ही बूट होते, नाड्या बांधलेले, घोट्यापर्यंत चिखलात. चादरीला डाग पडले होते. बाजूला पेपरमिंटची पुडी. आंधळ्यालाही कळलं असतं.

ओबेदाया त्या बुटांकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, कळलं. त्याचा चेहरा उतरला आणि खरोखरचं पाणी त्याच्या डोळ्यांत आलं.

“वात झालाय पोरीला,” तो म्हणाला. “भ्रमात उठून बूट घातले हिनं. डोर्कस, तू इथे असून तुला पत्ता नाही? सर थिओबाल्डना सांगायला हवं. फळी आजच वर आणायला हवी, गुरुवारपर्यंत थांबायचं नाही.” तो वाकला आणि त्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याला कुणाचं चुंबन घेताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. मग तो ऑगस्टाला गाठायला आणि माणसं बोलवायला धावतच खाली गेला.

मी पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्या घरातल्या सगळ्यांची मला किळस आली होती, त्या पलंगाची, त्या देवदूतांची, प्रार्थना करून आलेल्या त्या साऱ्या रस्त्याची. हिचा राग करावा म्हटलं तर तो येईना. नाडीची गाठ ओली होती, सुटता सुटत नव्हती.

“फीबी,” मी म्हटलं, “ते तुला फळीला बांधतील. वर्षभर. तुला बागेत जाता यायचं नाही, कुशीवर वळतासुद्धा यायचं नाही. नंतर कदाचित पाय चालायचेसुद्धा नाहीत. कळतंय का तुला?”

तिनं उशीवरचे केस पुन्हा सारखे केले.

“पपा रोज येतील ना?”

मी खोटं बोलू शकले असते. “येतील,” मी म्हटलं.

“मग बांधू दे त्यांना,” ती म्हणाली, आणि दुसरा पाय माझ्यापुढे केला.